टिचकी मारावी लागत नाही असा गेज

हा गेज घेऊन आता दोन सीझन झाले, मोजून ३१ डाइव्ह झाल्या, तेव्हा आता लिहायला हरकत नाही. घेतल्या घेतल्या लिहिलेल्या रिव्ह्यूला काय अर्थ असतो, नवी चप्पल पहिल्या दिवशी सगळ्यांनाच आवडते.

वस्तू अगदी साधी आहे. स्कूबाच्या टाकीत हवा किती उरली ते दाखवणारा प्रेशर गेज, डायव्हर लोक त्याला एसपीजी म्हणतात. पितळी बॉडी, वरून क्रोमचा मुलामा, ० ते ४०० बारची डायल (बार म्हणजे दाबाचं माप), ५० बारपर्यंत लाल पट्टा, एक काटा. कंपास नाही, डेप्थ मीटर नाही, हे सगळं एकत्र बसवायचा रबरी कन्सोल नाही, काही नाही. ६० सेंटीमीटरच्या होजसकट ७,८०० रुपये पडले. ब्रँड सांगत बसत नाही कारण मला जे सांगायचंय ते कुठल्याही ब्रँडच्या साध्या पितळी गेजला लागू पडतं, आणि पावणेआठ हजाराची वस्तू मी का घेतली हे कळल्याशिवाय या रिव्ह्यूला मजा नाही. भाड्याने गियर मिळत असताना एवढीशी वस्तू स्वतःची कशाला, असं मलाही वाटायचं.

तर झालं असं. पश्चिम किनाऱ्यावरचं एक डाइव्ह सेंटर, नाव लिहीत नाही. मी आणि माझा मावसभाऊ, आम्ही दोघं एकमेकांचे कायमचे बडी, म्हणजे पाण्याखालचे जोडीदार. दादा माझ्यापेक्षा तीन वर्षांनी मोठा आणि अंगाने दुप्पट, पण हवा आम्हा दोघांना साधारण सारखीच लागते, ५-१० बारचा फरक, याचं त्याला फार कौतुक आहे. दुसरी डाइव्ह, खोली १४ मीटर. बोटीवरच्या मुलाने टाक्या बदलून दिल्या, मी सेंटरच्या भाड्याच्या गियरमधला गेज बघितला, १९० दाखवत होता, ओके. खाली गेलो. दहाएक मिनिटांनी बघितलं, १५०. मग एक मोठा लायनफिश दिसला त्याच्यात वेळ गेला, मग बघितलं तर ११०. मग पुढे कधीतरी बघितलं, ११०. परत बघितलं, ११०. आणि इथे माझ्या डोक्यात काय आलं असेल? गेज बिघडलाय असं नाही हं. मला वाटलं आपला श्वास सुधारला! रोज सकाळी प्राणायाम करते त्याचा परिणाम दिसायला लागला! खरंच सांगते, पाण्याखाली मी स्वतःवर खूश होऊन हसले आणि मास्कमध्ये थोडं पाणी शिरलं.

दादाने हात करून विचारलं किती, मी ऐटीत ११० दाखवले, त्याने ७० दाखवले. त्याच्या भुवया मास्कच्या आत वर गेलेल्या मला दिसल्या. आमच्यात ४० बारचा फरक आजवर कधीच पडला नव्हता. तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली. बाबांची जुनी स्कूटर होती, तिच्या पेट्रोलच्या काट्यावर बाबा टिचकी मारायचे, तशी मी गेजच्या काचेवर बोटाने टिचकी मारली. काटा ११० वरून एका झटक्यात ६० वर आला. म्हणजे १० ते १२ मिनिटं तो नुसता अडकून बसला होता आणि मी प्राणायामाला श्रेय देत होते.

अंगठा वर, म्हणजे चला वर, डाइव्ह संपली. ५ मीटरवर, वर यायच्या आधीचा ३ मिनिटांचा स्टॉप केला, पण डोळे सगळा वेळ काट्यावर, आणि दादा हाताच्या अंतरावर, त्याचा ऑक्टो, म्हणजे बडीला श्वास घेता यावा म्हणून असलेलं जादा माउथपीस, मला लगेच घेता येईल असा. वर आल्यावर माझा गेज ४० दाखवत होता. त्याच टाकीला दादाचा रेग्युलेटर (टाकीतली हवा श्वासाजोगी करून देणारं यंत्र, गेज त्यालाच जोडलेला असतो) लावून बघितलं तर २५. आणि माझ्या रेग्युलेटरमधली सगळी हवा सोडून तो टाकीवरून सुटा केल्यावर काटा शून्यावर यायला हवा ना, तो १५ वर उभा. म्हणजे दुखणी दोन होती, काटा अडकत होता आणि वर तो पहिल्यापासून १५ बार जास्तच दाखवत होता. टिचकी मारल्यावर जे ६० दिसले ते खरे ४५ होते.

बोटीवर मी हे सांगितलं तर तिथला माणूस शांतपणे म्हणाला, "मॅडम, त्या गेजाचो काटो कधी कधी अडाकता, टिचकी मारल्यार सुटता. काय्येक होवचा नाय."

म्हणजे त्याला माहीत होतं! मला राग आला तो काटा अडकण्याचा नाही, वस्तू आहे, बिघडते. त्याला माहीत असून तो गेज हुकावरून काढून बाजूला ठेवला नव्हता याचा राग आला. पण खरं सांगायचं तर अर्धी चूक माझीही होती, ती पुढे लिहिते.

घरी आल्यावर मी जरा वेड्यासारखी या विषयाच्या मागे लागले. ऑनलाइन जुन्या गियरमधून १,२०० रुपयांना एक मेलेला कन्सोल घेतला, फक्त उघडून बघायला. जेवणाच्या टेबलावर पेपर पसरून तो उघडला. आत काय असतं माहितीये? बॅटरी नाही, सेन्सर नाही, इलेक्ट्रॉनिक काही म्हणजे काहीच नाही. एक बारीक धातूची चपटी नळी, इंग्रजी सी अक्षरासारखी वाकवलेली, एक टोक बंद आणि एक टोक होजच्या बाजूला उघडं. बस. जत्रेत ती गुंडाळलेली कागदी पिपाणी मिळते बघा, फुंकली की सरळ होते आणि फुंक थांबवली की परत गुंडाळते, तेच तत्त्व. नळीत दाब गेला की चपटी नळी थोडी गोल व्हायला बघते आणि त्यामुळे तिची वाकण उलगडते, बंद टोक अगदी किंचित सरकतं, डोळ्याला जेमतेम दिसेल इतकं. त्या टोकाला एक कांडी, कांडीला दातेरी पट्टी, पट्टीला इवलंसं दातेरी चाक, चाकावर काटा. सरकणं इवलंसं पण काटा मात्र डायलभर फिरतो. घड्याळात असते तशी केसासारखी बारीक स्प्रिंगही असते, दात्यांमधली ढिलाई काढायला. काही गेजमध्ये सीऐवजी नळीची गुंडाळीच असते, मग मधले दाते कमी लागतात.

ही आयडिया फ्रान्सच्या यूजीन बूर्दाँ यांची, पेटंट १८४९ चं, वाफेच्या इंजिनांसाठी. म्हणजे भुसावळच्या लोको शेडमधल्या इंजिनावर जी डायल असायची, पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरवर जी असते आणि माझ्या बीसीडीला, म्हणजे डायव्हरच्या हवा भरायच्या जॅकेटला, जी लटकते, तिघींची आजी एकच. मला हे फार आवडलं. पावणेदोनशे वर्षं झाली आणि अजून त्याच्याहून भरवशाची, बॅटरी न लागणारी वस्तू कोणी काढली नाही.

पण यातच त्याचं दुखणंही आहे. सगळं काम त्या इवल्या दात्यांवर आणि धाग्याएवढ्या स्प्रिंगवर. माझ्या १,२०० वाल्या गेजमध्ये आत हिरवट पांढरी भुकटी जमलेली होती, खाऱ्या पाण्याने पितळ खाल्लेलं. काचेच्या कडेची सील गेली की डाइव्हवर थेंबभर पाणी आत येतं, डाइव्हनंतर काचेच्या आतून धुकं दिसतं, मग लोक म्हणतात उन्हात ठेव सुकेल. पाणी सुकतं हो, मीठ कुठे जातं? ते दात्यांत बसतं. मग काटा अडकतो. म्हणून काचेच्या आत एकदा जरी धुकं किंवा थेंब दिसला तर मी तो गेज घेत नाही, काटा कितीही शहाण्यासारखा फिरत असो. आणि गेज कोणी टाकीखाली चिरडला, बोटीवर पडला, तर ती नळी किंवा कांडी किंचित वाकते आणि मग काटा सगळीकडेच १०-१५ बारने खोटं बोलायला लागतो. बाहेरून काही म्हणजे काही दिसत नाही.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या, मला ती उशिरा समजली. गेज कमी दाखवत असेल तर फारसं बिघडत नाही, तुम्ही जरा लवकर वर याल, पैसे थोडे वाया. जास्त दाखवणारा गेज मारतो. हिशोब करून बघा ना. आपली नेहमीची ॲल्युमिनियमची टाकी ११ लिटरची. साधारण माणूस वर मिनिटाला २० लिटर हवा घेतो असं धरा, २० मीटरवर दाब तिप्पट म्हणून ६० लिटर. म्हणजे मिनिटाला साडेपाच बार. गेज ५० दाखवतोय आणि आत खरे २० आहेत, तर जे ३० बार आहेत असं तुम्ही धरून चाललाय ते म्हणजे साडेपाच मिनिटं. २० मीटरवरून सावकाश वर येऊन स्टॉप करायला लागणारा वेळ जवळपास तेवढाच. आणि शेवटचे १० बार तर खाली धड मिळतही नाहीत, श्वास जड व्हायला लागतो, कारण फर्स्ट स्टेजला, म्हणजे रेग्युलेटरच्या टाकीवर बसणाऱ्या भागाला, पुढे हवा ढकलायला आजूबाजूच्या पाण्यापेक्षा ९-१० बार जास्त दाब लागतो.

घरच्या गॅस सिलिंडरला असा गेज का नसतो हा प्रश्न नवऱ्याने विचारला, तो स्वतः पाण्यात गुडघ्याच्या वर उतरत नाही पण प्रश्न चांगले विचारतो. उत्तर असं की स्वयंपाकाचा गॅस आत द्रवरूप असतो, शेवटचा थेंब संपेपर्यंत दाब साधारण तेवढाच राहतो, त्यामुळे काटा बघून काही कळणार नाही, म्हणून आपण हलवून बघतो. डाइव्हच्या टाकीत नुसती हवा, दाब अर्धा म्हणजे हवा अर्धी, म्हणून हे सोपं गणित चालतं. फक्त तापमान लक्षात ठेवा. बोटीवर उन्हात तापलेली ४० डिग्रीची टाकी २०० दाखवते आणि २७ डिग्रीच्या पाण्यात उतरलात की एकही श्वास न घेता ८ बार गायब. तिथे गेजला शिव्या देऊ नका, तो खरंच बोलतोय.

आणि गेज नव्हता तेव्हा काय करत होते? १९४३ मध्ये फ्रान्सच्या कूस्तो आणि गान्याँ यांनी ॲक्वालंग, म्हणजे आजच्या स्कूबाचं मूळ यंत्र, काढलं, त्यानंतर कितीतरी वर्षं लोक गेजशिवायच उतरायचे. जे-व्हॉल्व्ह म्हणून प्रकार होता, श्वास जड झाला की टाकीच्या बाजूची दांडी ओढायची आणि मग राखीव हवा मिळायची. ज्यांनी जुनी बजाज चालवलीये त्यांना वेगळं सांगायला नको, गाडी बंद पडली की वाकून चावी रिझर्व्हला करायची! आणि ती चावी आधीपासूनच रिझर्व्हला असली की मग गाडी ढकलत पंपापर्यंत. पाण्याखाली ढकलणार काय? ती दांडी चुकून आधीच खाली ओढली गेलेली असण्याचे प्रकार व्हायचे, म्हणून गेज सर्रास आल्यावर जे-व्हॉल्व्ह गेला.

आता माझ्या गेजकडे येते. घेतल्यावर मी तो आधी भोसरीला नेला. मैत्रिणीचा भाऊ तिथल्या एका कंपनीत क्वालिटीला आहे, त्यांच्याकडे गेज कॅलिब्रेशन होतं. तिथे गेल्यावर कळलं की बहुतेक गेज तेलाच्या दाबावर तपासतात. मी म्हटलं तेल नको बाबा, श्वासाच्या हवेच्या वस्तूत तेल जाऊ द्यायचं नाही, आणि नायट्रॉक्स म्हणून डाइव्हची जी हवा असते तिच्यात ऑक्सिजन जास्त असतो, तिथे तर तेल म्हणजे आगीला आमंत्रण. त्याने मग नायट्रोजनवर मास्टर गेजशी ताडून दिला, चहा पाजला, पैसे घेतले नाहीत. २०० ला १९७, १०० ला १००, ५० ला ४८. यापेक्षा जास्त काय हवं. या वर्षी परत नेला, ५० ला ४७. म्हणजे जो काही फरक आहे तो माझ्या बाजूचा आहे, गरिबाघरच्या सुनेसारखा हातचं राखून दाखवतो.

वापरायला कसा आहे? जड आहे, हे आधीच सांगते. कन्सोलची सवय असेल तर हा लहान वाटतो पण वजन हाताला जाणवतं, आणि क्लिप लावली नाही तर पेंडुलमसारखा हलत कोरलला धडकतो, म्हणून जॅकेटच्या डावीकडच्या डी-रिंगला, म्हणजे कडीला, अडकवूनच ठेवायचा, हे सक्तीचं समजा. ६० सेंटीमीटरचा होज मला बरोबर होतो, पण दादासारख्या आडव्या माणसाला आखूड पडेल, त्याने ८० चा घ्यावा. काच खरी काच आहे, ओरखडे नाहीत. अंधारात चमकणारी डायल म्हणून जी जाहिरात होती ती मात्र फुसकी, टॉर्चने उजेड पाजला तरी दोन मिनिटांत विझते. मालवणच्या गढूळ पाण्यात, जिथे कधी कधी ३-४ मीटरच्या पुढचं दिसत नाही, तिथे मला आकडे वाचायला टॉर्च लागलाच. आकडेही थोडे मोठे चालले असते, चाळिशी लागलेल्यांनी दुकानात हातात घेऊन बघा. एक स्टार याचा कापला.

दुसऱ्या सीझनला एक तक्रार आली. होज आणि गेजच्या जोडावरून बारीक बुडबुडे, सोड्याची बाटली उघडल्यासारखे. हा गेजचा दोष म्हणता येणार नाही, सगळ्याच गेजचा हा रोग आहे. गेज हातात फिरावा म्हणून जोडात एक पोकळ खिळा असतो आणि त्याच्या दोन टोकांना दोन मुगाच्या डाळीएवढ्या ओ-रिंगा, फिरून फिरून त्या झिजतात, त्यात मीठ चावतं. बुडबुड्यांनी टाकी लगेच रिकामी होत नाही, पण हे दुखणं वाढतंच. मी आधी माहीतगार माणसाकडून शिकून घेतलं आणि मग बदलल्या. टाकी बंद, रेग्युलेटरचं हवा सोडायचं पर्ज बटण दाबून सगळा दाब शून्य, मग दोन पाने लावून जोड उघडायचा, जुन्या रिंगा लाकडी टूथपिकने काढायच्या, पिनने नाही, पिनचा ओरखडा पडला की नवी रिंगही गळणार. ५० रुपयांचं काम. पण दाबाच्या बाजूचं काम आहे, कोणी दाखवल्याशिवाय हात घालू नका, आणि दाब असताना तर कुठलाच जोड आवळायचाही नाही, कितीही मोह झाला तरी.

होजबद्दल लोकांना एक भीती असते की गेजचा होज फुटला तर हवा भस्सकन जाईल, कारण त्यात पूर्ण टाकीचा दाब. गंमत म्हणजे उलटं आहे. फर्स्ट स्टेजच्या टोकाला त्या होजमध्ये सुईच्या भोकाएवढं छिद्र असतं, मुद्दाम ठेवलेलं, गेजला काही हवा वाहून न्यायची नसते, फक्त दाब पोचवायचा असतो. त्यामुळे होज फुटला तर आवाज आणि बुडबुडे घाबरवणारे, पण टाकी त्यामानाने हळू रिकामी होते. ज्या होजमधून आपण श्वास घेतो तो कमी दाबाचा होज फुटला तर हवा त्याहून कितीतरी पटकन जाते. अर्थात दोन्हीकडे उत्तर एकच, बडीचा ऑक्टो आणि वर. होजवर रबरी टोपण असेल तर ते सरकवून खाली बघा, गंज, भेगा, फुगवटा सगळं तिथेच लपलेलं असतं.

मघाशी म्हटलं की अर्धी चूक माझी होती. कोर्समध्ये शिकवलेलं असतं, पण बोटीवर मुलं सगळं जोडून देतात तेव्हा आपण लाडावतो. आता मी कोणाचाही गेज असो, टाकीला जोडायच्या आधी काटा बघते. शून्यावर नसेल तर तो गेज नको, भांडण नाही, कारण नाही, फक्त दुसरा द्या. त्या दिवशी मी हे एवढं केलं असतं तर काटा १५ वर दिसला असता आणि पुढचं रामायण टळलं असतं.

मग टाकी उघडताना गेजचं तोंड आपल्याकडे किंवा दुसऱ्याकडे करायचं नाही, खाली जमिनीकडे, आणि कोणी समोर नाही ना ते बघायचं, व्हॉल्व्ह सावकाश उघडायचा. याचं कारण आतली नळी फुटली तर टाकीचा सगळा दाब त्या एवढ्याशा डबीत भरतो. मागच्या बाजूला एक रबरी बूच असतं, ते आधी उडून जावं आणि काच वाचावी अशी योजना आहे, कुकरच्या सेफ्टी व्हॉल्व्हसारखी. पण बूच जुनं होऊन चिकटलेलं असलं तर? माझ्या त्या १,२०० वाल्यात कोणीतरी शहाण्याने बुचावर एम-सील लावलं होतं! पाणी शिरत असणार म्हणून. मी ते बघून दोन मिनिटं गप्प बसले. म्हणजे ज्याच्या तोंडासमोर तो उघडला असता त्याचे डोळे गेले असते. भाड्याचा गेज उलटा करून बघाच, कन्सोलच्या रबरात लपलेला असला तरी.

उघडल्यावर व्हॉल्व्ह पूर्ण उघडा. पूर्ण उघडून पाव फेरा मागे ही जुनी सवय आहे, पण घाईत माणूस उलटं करतो, बंद करून पाव फेरा उघडतो. वर असताना श्वास छान येतो, गेज २०० दाखवतो, आणि खाली गेल्यावर दम लागतो. हे पकडायला एकच उपाय, काट्याकडे बघत चार लांब श्वास घ्या. काटा जागचा हलता कामा नये. श्वासागणिक खाली जाऊन परत वर येत असेल तर व्हॉल्व्ह अर्धवट आहे किंवा फिल्टर तुंबलाय. खाली जाऊन परत वर येतच नसेल तर व्हॉल्व्ह बंदच आहे आणि तुम्ही होजमध्ये उरलेली हवा पिताय. भाड्याच्या गियरवर मी अजून एक करते, टाकी बंद करून हळूहळू पर्ज दाबत काटा २०० पासून शून्यापर्यंत एकसारखा उतरतो का बघते. कुठे थबकला, उडी मारली, की बाजूला. अर्ध्या मिनिटाचं काम आहे, बोटीवरची मुलं हसतात, हसू देत.

आणि पाण्याखाली काटा हलत नाहीसा वाटला तर माझ्यासारखं स्वतःवर खूश होऊ नका. किती वेळ झाला, किती खोल आहोत, यावरून किती उरायला हवं याचा ढोबळ अंदाज डोक्यात असला पाहिजे, गेज तो फक्त पक्का करतो. मी आता बघायच्या आधी मनात आकडा धरते, मग बघते. अंदाज आणि काटा यात २० पेक्षा जास्त फरक पडला तर दादाला विचारते, आणि तरी शंका राहिली तर डाइव्ह संपली. टिचकी मारून सुटला तरी संपली. टिचकीने सुटलेला काटा परत कुठे अडकेल ते त्यालाच माहीत. बडीच्या गेजवर आपली हवा मोजत डाइव्ह पुढे चालवणं तर नकोच, दादाचा काटा दादाची हवा सांगतो.

वायरलेस ट्रान्समीटरवाला डाइव्ह कॉम्प्युटर, टाकीचा दाब मनगटावर दाखवणारा, का नाही घेतला असं दोघांनी विचारलं. एक तर त्याच्या किमतीत असे कितीतरी गेज येतात, आणि बॅटरी संपणं, सिग्नल तुटणं हे त्यातही आहेच. ज्यांच्याकडे आहे त्यातले बरेच जण तरीही बाजूला असा एक पितळी गेज लटकवतात.

मालवण, तारकर्ली, गोव्याच्या ग्रँड आयलंडला पहिल्यांदाच ट्राय डाइव्ह करणारे जे आहेत त्यांना यातलं काही विकत घ्यायची गरज नाही. तिथे इन्स्ट्रक्टर तुम्हाला धरूनच ५-६ मीटरवर नेतो आणि गेज तोच बघतो, बरेचदा तुमच्या हातातही देत नाही. पण उतरायच्या आधी, दादा, जरा गेज दाखवा की, असं म्हणायला काय जातं. चांगला इन्स्ट्रक्टर खूश होऊन दाखवतो. एकाने तर मला विचारलं तुम्ही इन्स्पेक्शनला आलाय का.

तर पाचपैकी चार स्टार. चमकत नाही आणि आकडे बारीक, एवढंच. डाइव्हनंतर गोड्या पाण्यात बुडवून ठेवते, धुताना रेग्युलेटरचं डस्ट कॅप घट्ट लावलेलं बघते, होज गेजच्या तोंडाशी मुडपून ठेवत नाही, सावलीत वाळवते. दादाने आता स्वतःसाठी ८० सेंटीमीटरवाला मागवलाय. मेलेल्या गेजच्या होजचा नट मी करवतीने कापून टाकला, परत कोणाच्या टाकीला लागायला नको, आणि ती वाकडी नळी भाचा शाळेच्या प्रदर्शनाला घेऊन गेला, पिपाणी शेजारी ठेवून. सध्या पाऊस, बोटी बंद. ऑक्टोबरच्या आधी ओ-रिंगांचे चार जादा नग आणून ठेवायचेत आणि भोसरीला एक चक्कर मारायचीये.